शेवटच्या धारा

दि. ११ जानेवारी, दुपार

प्रिय गृहस्वामिनी (सध्या मुक्काम लेकीचे घर),

इकडे सर्व क्षेम. म्हणजे गाई क्षेम, वासरू क्षेम, आणि त्यांच्या मागोमाग मी. नात पालथी पडायला लागली हे वाचून आनंद झाला. परवा मीही गोठ्यात पालथा पडलो, पण कौतुक करायला कुणी नव्हतं.

दूधधंद्याची ओळख कितपत झाली, असं विचारतेस. धड्यापुरती झाली. कास कोमट पाण्याने धुतो, पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात काढून गुठळी आहे का पाहतो, मग बादली लावतो. हात अगदी तुझ्यासारखा चालतो, असं मला वाटतं. थोरल्या गाईला वाटत नाही. अर्धी बादली देते आणि उरलेलं वर ओढून धरते. धार काढताना तू गुणगुणतेस, म्हणून मीही तोंड उघडलं. येत होतं ते म्हटलं : देवः, देवौ... तेवढ्यात शेपटी तोंडावर बसली. द्विवचन तिला मान्य नसावं. या घरात सध्या त्याचा उपयोगही नाही म्हणा.

काल संकलन केंद्रावर नमुना तपासणारी मुलगी हसली.

“सर, फॅट परत खाली. पाणी घालता की काय?”

“अगं, जन्मभर शुद्धलेखन शिकवलंय मी!”

“मग गाय चोरतेय. काकू कधी येणार?”

“गाईला विचार.”

“गाईला कशाला, तुम्हालाच विचारतेय.”

मी रिकामी किटली उचलून निघालो.

आज सकाळी तुझा जुना स्वेटर घालून धारेला बसलो. हसू नकोस, बाह्या आखूड पडतात. थोरलीने मान वळवली, बाही हुंगली आणि पान्हा सोडला. बादलीत फेस चढायला लागला. मग तिने माझं तोंड पाहिलं आणि पान्हा चोरला. तो चेहरा ओळखीचा वाटला. मी भाजी विसरून पुस्तक घेऊन यायचो तेव्हा तुझा व्हायचा.

स्वेटर अजून अंगावरच आहे. हल्ली थंडी फार आहे.

लेक पत्रात म्हणते, आईला इथेच राहू द्या, बाबांनीही गाई विकून यावं. खाली तू लिहितेस, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ तर माझं म्हणणं असं : नातीला तुझी सवय झाली आहे, लेकीची नोकरी आहे, खोली हवेशीर आहे. गाईंना गिऱ्हाईक मिळेल. मी काय, कुठेही बसून वाचीन. तेव्हा तुला योग्य वाटेल तसं कर.

इथे सही करणार होतो. पण धार अर्धवट सोडून उठायचं नाही, हे तूच शिकवलंस. खरी साय शेवटच्या धारांत असते, आणि ती आत राहिली की कास दुखते.

गाई विकायच्या नाहीत. नात रडेल, कळतं मला. तरी तू ये.

तुझाच,
आखूड बाह्यांतला