हिरवा दिवा विझला तेव्हा

शनिवार संध्याकाळ, बोरीवली

वाट लागली आज. सोसायटीच्या गच्चीवर झकास पळणारा आमच्या पोरांचा रोबो स्पर्धेत मधेच थांबला. रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या त्याच्या रेडिओचा हिरवा दिवा विझला. मृण्मयी बटणं दाबत ओरडली, "दादा, ऐकतच नाहीये हा!"

परीक्षक म्हणाले, हॉलमध्ये हॉटस्पॉट फार, त्यात तुमचा सिग्नल दबतो. रेडिओ मीच निवडलेला, रिकाम्या गच्चीवर तपासून. आता दुसरा कुठला घेऊ? गर्दीत टिकेल कशावरून?

आणि हॉटस्पॉट कोणाचे? बघायला आलेल्या आमच्याच सोसायटीवाल्यांचे! बऱ्याच जणांना रेंज नव्हती, म्हणून एकमेकांना हॉटस्पॉट देऊन सगळे लाइव्ह दाखवत होते. तो हिरवा दिवा विझतानासुद्धा.

निघताना सावंतकाकांनी पाठ थोपटली. "टेन्शन नको घेऊस रे. पुढच्या फेरीला अख्खी सोसायटी आणतो. हॉटस्पॉट माझा!"

"या ना, काका," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?