आमच्या गल्लीनं कोणाले पाडलं

बालाघाट, मंगळवार संध्याकाळ

मतं केंद्रवार मोजतात, त्यामुळे कोणती गल्ली फिरली ते लपत नाही. आमच्या गल्लीची मतं विरोधात जाऊनही निवडून आलेल्या नव्या नगरसेवकाचा माणूस आज माझ्या चहाच्या हॉटेलात हसत म्हणाला, "आता पाहा नळाची वाट, पाच वर्षं!" सगळ्यांनी गल्लीतल्या मेश्रामकडे पाहिलं; त्याच्या प्रचाराले तो एकटाच गेला नव्हता. माझं रोजचं गिऱ्हाईक सुखदेव बोललाच, "यानंच घात केला." मेश्रामचा गिलास हातातच राहिला.

"अवंदा या नगरसेवकाले पाडूच," असं महिनाभर याच बाकावर कुजबुजत होता तो सुखदेव. मी ऐकलंय.

मेश्राम माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, तुमचे कान तेज आहेत. सांगा ना, कोण फिरलं?"

"चहा थंड होऊन राह्यला," मी म्हणालो.

काहून बोललो नाही? गिऱ्हाईक तुटेल म्हणून?

मेश्राम उठून गेला. गिलास भरलेलाच होता.