मोटर उलटी का फिरली

दादा,

आलास की अंगणातल्या करवतीचं बटण दाबू नकोस. सकाळी लाईट जाऊन परत आली आणि पातं उलटं फिरायला लागलं. त्याने माझ्या हातातली फळीच ओढून नेली. मोटर काल तूच जोडली होतीस, म्हणून गिऱ्हाइकासमोर तोंडातून निघून गेलं, "दिसत नाही तर वायरींना हात कशाला लावतोस?" तू तडक निघून गेलास.

मग शेजारचा गिरणीवाला आला. त्याचीही मोटर उलटी फिरतेय. लाईनमनने खांबावर तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली म्हणे, आणि तसं झालं की मोटर उलटी फिरते. म्हणजे तुझं काम बरोबरच होतं. आता आपण इथे वायरी बदलल्या आणि लाईनमननेही खांबावर परत बदलल्या, तर पुन्हा उलटंच. काय करावं सुचत नाही. असं काही झालं की मी तुलाच विचारतो.

तू ताईकडे गेला असशील असं वाटतं. चष्मा इथेच राहिलाय, तो घेऊन मी तिकडे निघालोय. पण तू आधी घरी आलास तर हे वाचणार कसं? वहिनी, तूच त्याला वाचून दाखव आणि मी येईपर्यंत कुठे जाऊ देऊ नकोस.