सदरची चांदमारी

सदर, नागपूर
दसऱ्यानंतरचा शुक्रवार

तीर्थरूप मायच्या पायावर कवडूचं डोकं.

मी बरा आहो. जेवण वेळेवर होते. तू पुसलं, बंदुकीच्या दुकानामागं चांदमारी करतेत म्हणजे चांदाले काहून मारतेत. चांदाले नाही, कोणालेच नाही मारत वं माय. पुठ्ठ्यावर गोल काढून त्यावर नेम धरतेत, त्याले चांदमारी म्हणतेत.

सध्या जंगलखात्याचा एक साहेब रोज येऊन राहिला. त्याले बंगल्यात गंमत म्हणून नेम धरासाठी रिव्हॉल्वर पाहिजे. मी पहिल्याच दिवशी बावीस नंबरचं दाखवलं. त्याचं काडतूस शेंगदाण्याएवढं, हाताले झटका बसत नाही. साहेबाले पटलं, पण मडमेले मूठ आवडली नाही. मग मोठ्या काडतुसाचं काढा, मागं जा, वाजवून पाहा, पुन्हा दुसरं काढा. मी बाजूले उभा राहून भरून देतो. संध्याकाळी पाय सुजतेत, बाकी काही नाही.

आज शेवटी त्यानं ते पहिलंच बावीस नंबरचं घेतलं. तेव्हा मालक मले हाका मारून राहिला होता म्हणे. मले काही ऐकू आलं नाही. थकलो असन.

तुझी कंबर कशी आहे? लहानी प्रेमलता शिवण शिकून राहिली काय?

दिवाळीले येतो. आलो की माझ्या डाव्या बाजूले बसून बोलजो. उजवीकडून हाक मारली अन् म्या ओ नाही दिली, तर शहरात राहून पोरगा मातला असं समजू नको.

तुझाच
कवडू