बाबांचा बाप्तिस्मा

बाबा,

त्या रविवारी तुम्ही उच्चारलेलं एक वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. तुम्ही गेलात तेव्हा तुमचे केस काळे होते. आता माझ्या नातीचंसुद्धा लग्न झालंय. तरी ते वाक्य आठवलं की मी सोळा वर्षांची होऊन पहिल्या बाकावर बसते, अंगावर बाप्तिस्म्यासाठी नेसलेली पांढरी साडी, आणि समोर उभा असलेला माझा बाप मला एकदम परका वाटायला लागतो.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी आपण कल्याणला आलो. तुम्ही रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून, स्टेशनपासून दहा मिनिटांवर चाळीतल्या दोन खोल्या. नगरकडच्या ज्या ख्रिस्ती मंडळीत तुम्ही वाढलात तिथे तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा द्यायचे. पण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचता वाचता तुमचं मत बदललं होतं. ज्याला कळतं, जो स्वतःच्या तोंडाने कबूल करतो, त्यानेच पाण्यात उतरावं, पूर्ण बुडावं आणि वर यावं. तसं मानणारी बाप्टिस्ट मंडळी आसपास नव्हती, म्हणून तुम्ही ती बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून सुरू केलीत. पहिल्या उपासनेला आपण तिघं, एक गवंडीकाका आणि त्यांची बायको. शेजारच्या काकू दारात येऊन विचारायच्या, "आज तुमच्याकडे भजन ना हो? मग मी पोरांना खाली खेळायला पाठवते." त्यांना तुम्ही कधी "भजन नव्हे" असं म्हणाला नाहीत. हसून मान हलवायचात.

मग ठाण्याहून, नौपाड्यातल्या एका दवाखान्यातली नर्स यायला लागली. इंजिन शेडमधली दोन कुटुंबं आली. आणि खाडीकाठच्या गावातली मावशी आली, मिठागरात काम करणारी, पायांच्या भेगांत मीठ बसलेली. तुम्ही खाडीत बाप्तिस्मा द्यायचात, पण ओहोटीला तिथे नुसता चिखल. म्हणून प्रत्येक वेळी आधी मावशीला विचारायचं. ती बोटांवर तिथी मोजायची आणि सांगायची, "अष्टमीला नको, पानी वर नाय यायचा. पुनवेच्या दुसऱ्या दिशी दुपारी या." ती म्हणेल तेव्हा आपण सगळे खाडीवर. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे, एक हात समोरच्याच्या पाठीमागे, दुसरा त्याच्या जोडलेल्या हातांवर. माणूस मागे झुकायचा, पाण्याखाली जायचा, आणि वर यायचा तेव्हा काठावरून आम्ही गीत म्हणायचो. मला वाटायचं, माझ्या बाबांइतकं त्या पाण्याला ओळखणारा माणूस जगात नसेल.

मधल्या एका वर्षी आजी, तुमची आई, गावाहून कायमची आपल्याकडे राहायला आली. रविवारी बाहेरच्या खोलीत उपासना चालायची आणि ती स्वयंपाकघरात पडद्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायची. बाहेर कधी आली नाही. गीत सुरू झालं की मात्र आतून तिचा आवाज यायचा, सगळी कडवी पाठ. मला तिचं कोडं पडायचं. एकदा जेवताना मी तोऱ्यात म्हणाले, "शाळेतल्या त्या मुलीला मी सांगितलं, तुझा बाप्तिस्मा खोटा. लहानपणी डोक्यावर चार थेंब पडले म्हणजे काय बाप्तिस्मा होतो?" तुम्ही ताटावरून हात उचललात. तुम्ही मला कधी रागावायचा नाहीत, त्या दिवशी रागावलात. "दुसऱ्याच्या आईने देवाला दिलेल्या गोष्टीला खोटं म्हणायचं नाही. ऊठ, त्या मुलीच्या घरी जाऊन माफी माग." मी रडत गेले. जाताना पाहिलं तर आजी तुमच्याकडे बघत होती आणि तुम्ही तिच्याकडे बघत नव्हतात. मला वाटलं, म्हातारीचं मन राखताय. त्यात आणखी काही असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आजी पावसाळ्यात गेली. त्याच हिवाळ्यात आपलं प्रार्थनामंदिर उभं राहिलं, विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. सगळं काम गवंडीकाकांच्या देखरेखीखाली. व्यासपीठाच्या फळ्यांखाली त्यांनी बाप्तिस्म्यासाठी हौद बांधला, आत उतरायला पाच पायऱ्या. "आता मावशीला तिथी विचारायला नको," असं म्हणून ते हसले, तर मावशीला राग आला. पहिल्या रविवारी त्या हौदात पहिला बाप्तिस्मा माझा व्हायचा होता. बारा वर्षांची असताना मी मागितला तेव्हा तुम्ही नाही म्हणाला होतात. "पाण्यात उतरायला तुझं स्वतःचं कारण पाहिजे, बापाचं नको." आता माझ्याकडे कारण होतं. मी आठवडाभर नीट झोपले नव्हते.

सकाळचं ऊन खिडकीतून हौदाच्या पाण्यावर पडलेलं. साठ-सत्तर माणसं, काही भिंतीला टेकून उभी. तुम्ही पुढे आलात, हातात शास्त्र नव्हतं, आणि म्हणालात, "माझ्या मुलीच्या आधी मला पाण्यात उतरावं लागेल. माझा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नाही."

कुणाला काही कळेचना. नर्सताई तर आधी हसली, तिला वाटलं काहीतरी चुकून बोललात. तुम्ही पुढे सांगत राहिलात. नगरला असताना तुम्ही आजीला म्हणाला होतात की मला बुडून बाप्तिस्मा घ्यायचाय, आणि ती म्हणाली होती, "मांडीवर घेऊन मी तुला देवाला दिला. ते तू धुऊन टाकणार? मी जिवंत असेपर्यंत नको रे." तुम्ही शब्द दिलात. इथे आल्यावर सगळे धरून चालले की तुमचा झालेलाच असणार. "कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण न सांगणं हेही खोटं बोलणंच. मी आईचा शब्द राखला आणि तुम्हाला फसवलं."

मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक. म्हणजे तिलाही माहीत नव्हतं! इतकी वर्षं एका घरात, आणि तिलाही नाही. गवंडीकाका उठले. "मग आमचं काय, भाऊ? तुम्ही मला बुडवलंत, माझ्या बायकोला बुडवलंत. तो बाप्तिस्मा खरा का खोटा?" तुम्ही म्हणालात, "मला माहीत नाही." हे ऐकल्यावर शेडमधलं एक कुटुंब उठून चालतं झालं, त्यांच्यामागे दुसरं. दार दोनदा आपटलं. मला वाटलं, झालं, आता एकेक करून सगळे जाणार आणि या नव्या भिंतींत आपण तिघं उरणार.

तेवढ्यात मावशी उभी राहिली. "मना एक सांगा," ती गवंडीकाकांना म्हणाली, "पान्यात उतरताना तुमी कोनाचा नाव घेतलात? या भाऊंचा? मी त नाय घेतला. ज्याचा घेतला तो काय खोटा बोलला नाय." मग तुमच्याकडे वळून, "तुमी चुकलात. लय चुकलात. आता उतरा."

गवंडीकाकांनी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि तुम्हाला बाप्तिस्मा द्यायला ते हौदाच्या पायऱ्या उतरले. तुम्ही माझ्यापुढे हात केलात. "ये, माझ्याजवळ उभी राहा." मी उठले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुम्ही मला दुसऱ्याच्या घरी माफी मागायला पाठवलंत." आणि बाजूच्या दाराने बाहेर निघून गेले.

मंडळी मोडली नाही. गेलेल्यांपैकी एक कुटुंब महिन्याभरात परत आलं. तुम्ही वर्षभर उपदेश केला नाहीत, शेवटच्या बाकावर बसलात, काकांनी उपासना चालवली. पुढे डोंबिवलीत शाळेच्या एका वर्गात शाखा सुरू झाली, मग ठाण्यात. आता माजिवड्याकडच्या टॉवरांमधली तरुण मंडळी येतात, माईक आहे, दोन उपासना होतात. त्या रविवारनंतर तुम्ही एकदाच, मी भाकऱ्या थापत असताना, चुलीशेजारी उकिडवे बसून विचारलंत, "तुझं काय ठरलं?" मी म्हणाले, "काही नाही." तुम्ही "बरं" म्हणालात. तिसऱ्या वर्षी ऑफिसातच छातीत दुखायला लागून तुम्ही गेलात. माझा बाप्तिस्मा त्यानंतर काकांच्या हातून झाला.

आई मरेपर्यंत एकच गोष्ट सांगायची. तुम्ही छातीभर पाण्यात उभे होतात, काका "घेऊ का?" म्हणून विचारत होते, आणि तुम्ही म्हणत होतात, "थोडं थांबा, ती येईल." सगळे बाजूच्या दाराकडे बघत होते. शेवटी तुम्ही डोळे मिटलेत. "तुझ्यासाठी थांबले होते गं," आई म्हणायची, "आणि तू घरी निघून गेलीस." मी तिचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून तुम्हाला सांगते. मी घरी गेले नव्हते, बाबा. त्या दाराच्या फळ्या नव्या होत्या, मध्ये बोटभर फट होती. तुम्ही थांबलेलं मला दिसत होतं. तुम्ही पाण्याखाली गेलात आणि वर आलात, तेव्हा बाहेर उभी राहून मी गीत म्हणत होते.