दोन लांब खाचा

२ मार्च
हो म्हणून टाकलं. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तू एकटी किती दिवस ओढणार? चांगली जागा आहे. चोवीस तास नर्स असते. महिनाअखेरीला एक पलंग रिकामा होतोय." मी म्हटलं, बरं. झटका आल्यापासून यांचा उजवा हात लुळा आहे, शब्द ओठांपर्यंत येतात आणि तिथेच बसून राहतात. अंघोळ मी घालायची, जेवण मी भरवायचं, वर लोकांच्या पँटींना चेन मीच बसवायच्या. माझा जीव मेटाकुटीला आलाय. यांना एवढ्यात सांगायचं नाही असं ठरलं. मी फोनवर बोलत होते तेव्हा हे आतल्या खोलीत पडले होते. झोप लागली असावी.

४ मार्च
कात्री सापडत नाही. मोठी, काळ्या मुठीची. लहानीही गायब. सगळं घर पालथं घातलं. "अहो, माझ्या कात्र्या पाहिल्यात का?" यांनी खिडकीकडे पाहिलं. शेवटी भाजी चिरायच्या सुरीने कापड कापलं. कड अशी आली की उंदराने कुरतडली असती तर बरी दिसली असती.

५ मार्च
सापडल्या. यांच्या अवजारांच्या पेटीत, पॉलिश पेपरखाली! आज कात्री पेटीत, उद्या चष्मा फ्रीजमध्ये. मुलाला कळवलं. "बघ, म्हणूनच म्हणतोय," म्हणाला.

८ मार्च
व्यायाम शिकवणारी बाई आली होती. सारखं "एक-दोन, एक-दोन" करते, म्हणून मी तिला एक-दोनबाईच म्हणते. तिने सांगितलं, डाव्या हाताला काम द्या, आवडीचं. हे लगेच पेटीकडे बोट दाखवून मोकळे.

म्हणजे पेन स्टँड. नोकरी ऑफिसच्या स्टोअरमध्ये केली, पण यांचा जीव कायम त्या करवतीत — लोखंडी कमान, तिच्यात दोऱ्याएवढं बारीक पातं, लाकडातून नुसती जाळी काढतात. ऑफिसात साहेब बदलला, पेन स्टँड. कोणी निवृत्त झालं, पेन स्टँड. घरात रोज लिहिणारी मी एकटी, मला काही मिळाला नाही. मीही मागितला नाही म्हणा. माझं पेन सुयांच्या डब्यात झोपतं.

आता मुलाच्या नव्या ऑफिससाठी करायचं दिसतंय.

१० मार्च
डाव्या हाताने नक्षी काढली यांनी. थरथरत, पण काढली. समोरच्या फळीवर वेल, वेलीवर एक पक्षी. नुसत्या त्या हाताने कापणं जमेना — लाकूड धरायला दुसरा हात हवा ना. मग मी करवत धरली. आयुष्यात पहिल्यांदा! पूर्वी पेटीला हात लावला तरी यांचा आवाज चढायचा.

पहिलं पातं मी उलटं लावलं, दाते वर करून. यांनी माझ्या मनगटावर टिचकी मारली. मग खुणेनेच सांगितलं — करवत जागच्या जागी वर-खाली, वळवायचं ते लाकूड. "मला काय शिकवता," मी म्हटलं, "जन्म गेला माझा मशीनखाली कापड वळवण्यात." हे हसले. अर्ध्याच चेहऱ्याने, पण हसले. मग मी कापत राहिले आणि हे डाव्या हाताने फळी फिरवत राहिले. पक्ष्याची चोच यांनी इतकी अलगद फिरवली की मी श्वास रोखून होते.

१३ मार्च
दोन पाती मोडली. माझी पाठ मोडली. आता घरात मोडायचं काही राहिलं नाही.

१६ मार्च
आज वरची फळी, पेनं ठेवायची. मधूनच कापायचं तर आधी गिरमिटाने भोक पाडायचं, पातं सोडून त्यातून घालायचं, पुन्हा आवळायचं. सुईत दोरा ओवण्याचाच प्रकार. ते जमलं. पण यांनी आखलं काय होतं? दोन खाचा! एक चांगली लांब, दुसरी आखूड. गोल भोक एकही नाही. "अहो, यात पेनं उभी कशी राहतील? लोळतील ना." तर "नाही, नाही." एवढंच. मी कापून दिल्या त्यांच्या खाचा.

यांची मापं कधी चुकायची नाहीत. ऑफिसात फळी कापायची असली की शिपाई यांना बोलवायला यायचा. म्हणजे डोकंही गेलं. मला रडू आलं. आणि खोटं कशाला लिहू, त्याच्या पाठोपाठ जरा हलकंही वाटलं. काही कळतच नसेल, तर पाठवताना मन खाणार नाही.

१९ मार्च
हे दुपारी झोपले असताना मी दुसरी फळी घेतली. सहा गोल भोकं, पेनाच्या मापाची. एका हाताने करवत, दुसऱ्याने लाकूड. पाऊण दुपार गेली. खाचांची फळी कपाटाखाली सरकवली आणि ही चिकटवून टाकली. मुलाला देताना तरी धड दिसायला हवं.

२० मार्च
यांनी सकाळी पाहिलं. वेलीवरून बोट फिरवलं, पक्ष्यावरून फिरवलं. वरच्या फळीवर येऊन बोट थांबलं. मग स्टँड दूर सारला आणि भिंतीकडे तोंड केलं. दिवसभर जेवले नाहीत. मी पण चिडले. इथे मी मरमर मरते, तर हे लहान मुलासारखे रुसणार! भाताचं ताट तसंच उचललं.

२७ मार्च
यांना सांगितलं. थोडे दिवस तिकडे राहून या, व्यायाम चांगला होतो. मला वाटलं होतं, आकांडतांडव होईल. यांनी नुसती मान हलवली, शिळी बातमी ऐकावी तशी. बॅग भरली. "पेटी न्यायची का?" विचारलं. डावा हात हलवला — नको. परवा मुलगा गाडी घेऊन येतोय.

मी कधीची या दिवसाची वाट बघतेय. मग घास का उतरत नाहीये?

२९ मार्च
सकाळी पाहते तर हे माझ्या शिलाई मशीनपाशी बसलेले. पेन स्टँड आणून मशीनशेजारी ठेवलेला. माझी मोठी कात्री डाव्या हातात धरून त्या गोल भोकात घालू बघत होते. नुसतं टोक जात होतं. मला पाहून थांबले. एकेक शब्द ओढून काढावा तसं म्हणाले, "मी नसताना... कात्री... शोधू नको."

कपाटाखालची फळी काढली. मोठी कात्री लांब खाचेत मुठीपर्यंत गेली. लहानी आखूड खाचेत. केसाचाही फरक नाही.

त्या फोनच्या दिवशी हे झोपले नव्हते.

मुलाला फोन लावला. म्हटलं, गाडी नको आणूस, दिवसाची एक बाई बघ, आणि रविवारी तू ये. "आई, तुला झेपणार आहे का?" नाही झेपणार, म्हणून तर तुला बोलावतेय, म्हटलं.

बॅगेतले कपडे परत कपाटात लावले. दुपारी भोकांची फळी उचकटायची आहे. करवत मी धरणार. लाकूड हे फिरवतील.