विंगेतल्या माणसाचा पुरावा

ता. ६ जानेवारी

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नका, आत माझा अर्ज आहे. काल मी फोनवर पाव तास कपाळ बडवून घेतलं आणि आईने तुम्हाला एवढंच सांगितलं की मी बरी आहे आणि वेळेवर जेवते. मला इकडे ऐकू आलं. तुमच्या कानांनी संप केल्यापासून आपल्या दोघांत आई उभी असते आणि ती तीन अंकी नाटक एका ओळीत उरकते. तेव्हा पत्रच बरं.

पीएच.डी.चा अर्ज तिसऱ्यांदा करते आहे. पहिल्या वर्षी समितीने कळवलं की विषय फार छोटा आहे. दुसऱ्या वर्षी तोच विषय त्यांना फार मोठा वाटला. यंदाच्या गाईडबाई म्हणतात की पहिल्या प्रकरणात दोन-तीन परदेशी विचारवंत आलेच पाहिजेत. विंगेत बसून अडलेल्या नटाला वाक्य देणाऱ्या माणसांशी त्या विचारवंतांचा संबंध काय, हे मी विचारलं तर त्या म्हणाल्या की तोच तर शोधायचा. शिफारसपत्राची तऱ्हा आणखी वेगळी. आमच्या जुन्या सरांकडे महिनाभर खेटे घातले तेव्हा पत्र मिळालं, त्यात लिहिलंय की हा विद्यार्थी शिस्तप्रिय असून वक्तृत्वात चमकला आहे. दुसऱ्या कुणाचं तरी पत्र, फक्त नाव माझं. पुन्हा मागायची हिंमत नाही, म्हणून तसंच जोडलंय.

तुम्ही म्हणाल, एवढी घाई कशाला, पुढच्या वर्षी बघ. बाबा, आयुष्यभर प्रॉम्प्टिंग केलेले आपल्या गावात तुम्ही आणि हळूभाऊ दोघंच उरलात आणि हळूभाऊंची तब्येत कशी आहे ते तुम्हीच लिहिता. पुढच्या वर्षी मी कुणाला विचारू? इथे कॉलेजात तासांवर शिकवते, तीही नोकरी उन्हाळ्यापर्यंतच आहे.

विद्यापीठ तुमच्या गावात, मी इतकी लांब, आणि छापील प्रत हातोहातच द्यावी लागते. तेवढी शुक्रवारच्या आत जमा करा. वाचायची तर वाचा, पण बाकी काही करू नका.

आईस नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलात तर आणखी दडपण येईल.

तुमची,
टिटवी


ता. १४ जानेवारी

चि. टिटवीस,

अ. उ. आ.

अर्ज जमा झाला, पोच सोबत आहे. आधी एका खिडकीवर उभा राहिलो, ती वसतिगृहाची निघाली. दुसऱ्या खिडकीवरचे कारकून काचेआड पुटपुटत होते, पण मला त्याची अडचण नाही. नटांचे ओठ बघत जन्म गेला. त्यांनी दोनदा जांभई दिली आणि एकदा सही केली.

रांग मोठी होती म्हणून तुझा आराखडा वाचून काढला. लिहितेस छान, पण वाचणाऱ्याचा जीव जातो. दुसऱ्या पानावर एक वाक्य असं आहे की ते म्हणता म्हणता नट आडवा होईल आणि पूर्णविराम काही यायचा नाही. तुला समितीपुढे हे वाचून दाखवावं लागणार हे माझ्या लक्षात आलं. खिशात पेन्सिल होतीच. श्वास घ्यायचा तिथे उभी रेघ मारली, शब्द दाबून म्हणायचा तिथे खाली टिंब दिलं आणि शेवटच्या परिच्छेदाशेजारी ‘सावकाश, घाई नको’ असं लिहिलं. आता अडायची नाहीस.

विषयाबद्दल मात्र मला अजून पटलेलं नाही. ज्याचा आवाज प्रेक्षकांत गेला की त्याचं काम फसलं, त्याचा इतिहास तू कसा लिहिणार? आमचं चांगलं काम कुणाच्या लक्षातच राहिलेलं नाही. राजेराण्यांवर लिही, त्यांची निदान चित्रं तरी आहेत.

हळूभाऊंना परवा भेटलो. माणसं ओळखत नाहीत, पण मी नमस्कार म्हटल्यावर त्यांनी पुढचं वाक्य दिलं, कुठल्या नाटकातलं ते मलाही आठवेना.

आईचे आशीर्वाद. तू बरी आहेस आणि वेळेवर जेवतेस, असं ती म्हणते.

तुझा,
बाबा


ता. २० जानेवारी

ती. बाबांस,

नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं, कारण पहिल्या दोन वेळा विश्वास बसला नाही. बाबा, ती प्रत समितीसाठी होती. माझ्यासाठी नव्हती. मुलाखतीत कुणी आराखडा वाचून दाखवत नाही, तो समितीने वाचायचा असतो. आता पाच प्राध्यापक माझ्या दुसऱ्या पानावर कुठे श्वास घ्यायचा ते बघतील. ‘सावकाश, घाई नको’ हे तर त्यांना उद्देशून लिहिल्यासारखं वाटेल.

आधीच हात दाखवून अवलक्षण करून घेतलेलं, त्यात ही भर. मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती, की काही करू नका.

रागात आहे तर सगळंच लिहिते. लहानपणी घरात मला एक वाक्य धड पूर्ण करता आलं नाही. मी जरा थांबले की तुम्ही पुढचा शब्द दिलाच. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की मी गप्प उभी राहायचे, कारण कुणीतरी शब्द देईल अशी सवय लागलेली. माझं स्वतःचं म्हणून काही लिहायला मला इतकी वर्षं लागली, आणि त्याच्यावरही तुमची पेन्सिल फिरली.

उत्तराची घाई नाही.

तुमची मुलगी


ता. २७ जानेवारी

चि. टिटवीस,

अ. आ.

तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी विद्यापीठात गेलो. खिशात खोडरबर घेतलं होतं. प्रत परत द्या म्हटलं तर म्हणाले, जमा झालेला कागद परत मिळत नाही. मग म्हटलं, परत नको, इथेच बाकावर बसून तुमच्यादेखत खोडून देतो. म्हणाले, जमा झालेल्या कागदाला हात लावता येत नाही. मी म्हटलं, हात मी आधीच लावलाय, तो काढून घ्यायचाय. त्यावर त्यांनी खिडकी बंद केली. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत उभा राहिलो, पण नंतर दुसरेच गृहस्थ आले आणि त्यांना पहिल्यापासून सगळं सांगण्याचं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

तुझ्या लहानपणाचं वाचलं. मला ते माहीत नव्हतं. मला वाटायचं की मी मदत करतोय.

मुलाखतीचं पत्र इकडच्या पत्त्यावर आलं आहे, सोबत पाठवतो. त्यावर काही लिहिलेलं नाही.

राग संपल्यावर लोभ ठेव.

बाबा


ता. २ मार्च

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

मुलाखत ठीक झाली असं मी घरी सांगितलं ते खोटं होतं. जेवणाच्या ताटावर तुमचा चेहरा बघून खरं सांगवेना. परवा निकालही लागलाय, तेव्हा आता लिहिते.

आत गेले तेव्हा पाचांपैकी दोघे फोनमध्ये होते. एकांनी विचारलं की या अभ्यासाचा समाजाला उपयोग काय. दुसऱ्यांनी शिफारसपत्र वाचून मला वक्तृत्व करून दाखवायला सांगितलं. मग अध्यक्षबाईंनी तुमच्या पेन्सिलीच्या खुणांचं पान पुढे सरकवलं आणि हा काय प्रकार आहे ते विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी सांगितलं, की माझे वडील हेच काम करायचे आणि या खुणा त्यांच्या. बाबा, फोनमधले दोघेही वर बघायला लागले. मी रेघ का, टिंब का, हे सगळं समजावलं. त्या खोलीत माझं कुणी ऐकून घेतलं ते तेवढंच.

आणि मग पालथ्या घड्यावर पाणी. अध्यक्षबाई म्हणाल्या की हे रंजक आहे, पण पुरावा नाही. पुरावा म्हणजे ग्रंथालयात असलेली छापील गोष्ट. मी म्हटलं, पुरावा या गावात राहतो आणि एक जण अंथरुणाला खिळलाय. त्या म्हणाल्या, जिवंत माणसांशी बोलायचं तर आधी वेगळ्या समितीची परवानगी हवी, आणि ती समिती अजून नेमलेली नाही. निकालातही तेच आलं, की विषय सुधारून पुढच्या वर्षी यावं.

काल गाईडबाईंचा फोन आला. त्यांच्या प्रकल्पात एक जागा रिकामी आहे. नाट्यगृहांच्या इमारतींवर काम, विषय तयार, प्रकरणंसुद्धा त्यांनीच पाडलेली. दोन आठवड्यांत हो म्हटलं तर प्रवेश पक्का. मला रडू आलं, आनंदाने की कशाने ते कळलं नाही. भिंती आणि खुर्च्या मोजत चार-पाच वर्षं काढायची, पण शेवटी दारातून आत तर जाता येईल. तुमचं काम मात्र राहून जाईल ते जाईलच.

मागच्या पत्रात मी वाटेल ते बोलले. पण आता खरंच सुचत नाहीये. काय करू ते सांगा.

तुमची,
टिटवी


ता. ९ मार्च

चि. टिटवीस,

अ. उ. आ.

हो म्हण. लगेच म्हण.

चालून आलेल्या जागेला लाथ मारू नये. इमारती काही वाईट नाहीत, त्या अंथरुणाला खिळत नाहीत आणि माणसं ओळखायचं विसरत नाहीत. तुझी नोकरी उन्हाळ्यात संपेल. तुझ्या वयाच्या मुली कुठल्या कुठे पोचल्या, हे मी म्हणत नाही, तुझी आई म्हणते, पण या वेळी तिने काही गाळलेलं नाही.

आमच्यासाठी थांबू नकोस. आम्ही कोण? नट अडला की वाक्य दिलं आणि पडदा पडला की घरी आलो. त्यासाठी तू दारोदार फिरावंस, शिकल्यासवरल्या माणसांपुढे हात जोडावेस, हे मला बघवत नाही. तुझ्या मुलाखतीचं वाचून दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

एवढं ऐक. लोभ आहेच.

बाबा


ता. १५ मार्च

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. त्याच्या आदल्या दिवशीच मी नाही सांगून आले होते.

शौर्य वगैरे काही नव्हतं. सही करायला गेले, गाईडबाईंनी पहिल्या प्रकरणाचं टाचण दिलं, त्यात एक ओळ होती, की विंगा साधारणपणे रिकाम्या असत. मी म्हटलं, नसत. त्या म्हणाल्या, इमारतीच्या नकाशात तसंच दाखवलंय. मी पुन्हा म्हटलं, नसत, तिथे माझे बाबा बसत. मग त्या चिडल्या, मीही चिडले, आणि जागा गेली. आता ना प्रवेश, ना नोकरीची खात्री, आणि पुढच्या वर्षी चौथा अर्ज, पुन्हा तीच खिडकी. मला त्या सगळ्यांचा इतका संताप आहे की रात्री दातांवर दात येतात.

पण सगळ्यांत जास्त संताप तुमचा आहे. ‘आम्ही कोण’ असं पुन्हा लिहू नका.

परवानगी देणारी समिती नेमली जायची तेव्हा जाईल. मुलीने बापाशी बोलायला ती लागत नाही. परीक्षा संपल्या की येते, रेकॉर्डर आणते. आधी हळूभाऊंकडे जाऊ, त्यांच्या तोंडून येतील ती वाक्यं तरी घेऊ. मग तुम्ही बसायचं आणि बोलायचं.

आईला सांगा, मी बरी नाही, पण जेवते.

तुमची,
टिटवी


ता. २२ मार्च

चि. टिटवीस,

अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच सकाळी हळूभाऊ गेले. आपल्याला उशीर झाला.

काल नाट्यगृहात शोकसभा होती. आमच्या कंपनीतले मोठे नट बोलायला उभे राहिले. मी पहिल्या रांगेत होतो, शब्दन् शब्द ओठांवरून वाचला. हळूभाऊंचा स्वभाव शांत होता, ते चहा उत्तम करायचे, असं त्यांनी सांगितलं. आणि आपल्याला उभ्या आयुष्यात कधी वाक्य मागावं लागलं नाही, असंही सांगितलं. टिटवे, या माणसाला हळूभाऊंनी अख्खे तिसरे अंक भरवलेत. त्याच विंगेत मी बसलेलो आहे. माझ्या अंगाचा असा भडका कधी उडाला नव्हता. मी उठून उभा राहिलो. सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं, आणि मला काही बोलता आलं नाही. दोन मिनिटं तसाच उभा राहून खाली बसलो. लोकांना वाटलं, मी श्रद्धांजली वाहिली.

आज सकाळपासून खुर्ची घेऊन बसलोय. तू विचारशील तेव्हा कुठून सुरुवात करायची ते बघत होतो. राजांची वाक्यं येतात, सासवांची येतात, दारुड्यांची येतात. माझं स्वतःचं पहिलं वाक्य काही येत नाही.

परीक्षा संपायची वाट बघू नकोस, रजा काढ. मी अडलोय.

तुझा,
बाबा